जुन्या फोटोतलं विमान कोणतं? गोव्यातल्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

चवथीला घर साफ करताना ट्रंकेच्या तळाशी एखादा फोटो सापडतो. आजोबा, टाय लावलेले दोन अनोळखी गृहस्थ आणि मागे विमान. गेली काही वर्षं असे फोटो माझ्याकडे येत आहेत. फोटो निराळे असले तरी प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत. पोर्तुगीज अमदानीतल्या आणि मुक्तीनंतरच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांतल्या फोटोंपुरतंच हे आहे.

१. विमानातलं मला काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

आकारापासून. अक्षरं, रंग आणि घरातल्या आठवणी नंतर. एक कागद घ्या आणि फोटोत दिसतं तेवढंच लिहून काढा. पंखांची जोडी एक की दोन? पंख धडाच्या खालून निघतो, मधून की वरून? इंजिनं किती? पुढे फिरणारा पंखा आहे की जेट? पंख्याला पाती किती? विमान शेपूट टेकून उभं आहे की नाकाखाली चाक आहे? उभ्या शेपट्या किती? खिडक्या गोल की चौकोनी?

जे दिसत नाही त्यापुढे ‘दिसत नाही’ असंच लिहा. एकदा एखादं नाव मनात बसलं की डोळा त्या नावाला जुळेल तेच पाहू लागतो. म्हणून हा कागद पुस्तक किंवा मोबाइल उघडण्याच्या आधी भरायचा.

२. स्कॅन करायलाच हवा का? मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही का?

पहिल्या नजरेला चालतो. पण ओळख पटते ती बारकाव्यांवर, आणि त्यासाठी स्कॅन लागतो. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (स्कॅनची बारकाई, दर इंचाला ठिपके) पुरे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, निगेटिव्हवरून थेट छापलेला फोटो असेल तर १२०० ठेवा. निगेटिव्हच हाती असेल तर २४०० किंवा त्याहून जास्त.

स्कॅनर नसेल तर फोटो दिवसाउजेडी ओसरीवर सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाइल अगदी समांतर धरा आणि चार-पाच वेळा टिपा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबून लहान होतो आणि शेपटीवरची अक्षरंच आधी पुसली जातात.

अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर काचेसकटच स्कॅन करा. पाठीमागची बाजूही स्कॅन करायची, ती कोरी दिसत असली तरी. पेन्सिलीने लिहिलेलं पुष्कळदा तिरक्या उजेडातच उमटून येतं.

३. पाठीमागे पोर्तुगीजमध्ये काहीतरी लिहिलं आहे. त्याचा उपयोग होतो का?

फार होतो. ‘लेंब्रांसा’ म्हणजे आठवण, ‘शेगादा’ म्हणजे आगमन, ‘पार्तिदा’ म्हणजे प्रस्थान. तारीख आधी दिवस, मग महिना अशी असते. १२-५-५८ म्हणजे १२ मे १९५८. मराठीत लिहिलेल्या फोटोंवर शकही सापडतो. शके १८८० असेल तर त्यात ७८ मिळवून १९५८ येतं, आणि फोटो जानेवारी ते मार्चमधला असेल तर १९५९.

शाई मात्र नीट पाहा. निळ्या बॉलपेनने लिहिलेली ‘१९३५’ ही तारीख पुष्कळ नंतर, आठवणीने घातलेली असते. ती खोटी असते असं नाही, पण तिचं वजन कमी.

४. दोन इंजिनं, शेपूट टेकलेली. म्हणजे डकोटाच ना?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. डकोटा म्हणजे डग्लस कंपनीचं डीसी-३ विमान. उत्तर: बहुतेक वेळा हो, पण गोव्यात तेवढ्यावर थांबू नका.

भारताने १९५०च्या दशकाच्या मध्यावर आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीज सरकारने दाबोळीचा विमानतळ उभारला आणि १९५५ मध्ये ट्रान्सपोर्तिस आएरेउस दा इंडिया पोर्तुगेझा, म्हणजे टीएआयपी, ही विमान कंपनी काढली. तिच्या ताफ्यात व्हिकर्स व्हायकिंग ही विमानं होती. व्हायकिंगलाही दोन गोल इंजिनं, तिचीही शेपूट टेकलेली. लांबून पाहिलं तर डकोटाच वाटते.

फरक असे पाहा. डकोटाचा पंख धडाच्या अगदी तळातून निघतो, व्हायकिंगचा जवळजवळ मधून. डकोटाचं धड लांबट, व्हायकिंगचं आखूड आणि गुबगुबीत. व्हायकिंगचा वंश वेलिंग्टन या बॉम्बफेकी विमानाचा आहे. डकोटाच्या पंख्याला तीन पाती, व्हायकिंगच्या पंख्याला चार. विमान हवेत असेल तर डकोटाची चाकं आत घेतल्यावरही निम्मी बाहेर दिसतात.

डिचोलीकडच्या एका घरातून आलेला फोटो मी विसरणार नाही. नऊवारी नेसलेल्या आजी, हातात झाकणाचा पितळी डबा, मागे विमानाचं नाक आणि एक इंजिन. घरात त्याला सगळे डकोटाच म्हणत. मीही डकोटा असं लेखी कळवलं. दोन महिन्यांनी चांगला स्कॅन आला. आजींच्या खांद्याच्या आड पंख्याचं एक पातं झाकलं गेलं होतं, त्याचं फक्त टोक पदराच्या काठापाशी दिसत होतं. तीन मोजलेली पाती खरं तर चार होती. त्या घरी पुन्हा पत्र लिहून मी माझी चूक दुरुस्त केली. तेव्हापासून पाती मोजताना दोन पात्यांमधला कोनही पाहतो. तीन पाती असतील तर कोन १२० अंशांचा, चार असतील तर काटकोन. एक पातं झाकलेलं असलं तरी कोन झाकला जात नाही.

व्हायकिंग ठरली म्हणजे ती टीएआयपीचीच असं मात्र नाही. इंडियन एअरलाइन्सकडेही व्हायकिंग होत्या. तिथे अक्षरांकडे वळावं लागतं (प्रश्न ८).

५. चार इंजिनांचं प्रवासी विमान आहे. नाव कसं ठरवायचं?

आधी आकारमान पाहा. शेजारी माणूस उभा असेल तर उत्तमच. डी हॅविलंड हेरॉन हे चार इंजिनांचं असूनही लहान विमान. पंखांची रुंदी २१.८ मीटर, प्रवासी १४ ते १७. डग्लसच्याच डीसी-४ ची रुंदी ३५.८ मीटर. हेरॉनच्या पंखाखाली माणूस पटकन मोठा दिसतो, डीसी-४ खाली तो हरवतो. टीएआयपीने ही दोन्ही वापरली, शिवाय डीसी-६ सुद्धा.

डीसी-४ आणि डीसी-६ यांत घोटाळा ठरलेला. खिडक्या पाहा. डीसी-४ च्या खिडक्या लंबगोल, डीसी-६ च्या चौकोनी. डीसी-४ च्या उभ्या शेपटीचा माथा गोलसर, डीसी-६ चा चपटा.

हेरॉनचं दोन इंजिनांचं भावंड म्हणजे डव्ह. एका बाजूने काढलेल्या फोटोत हेरॉनचं बाहेरचं इंजिन आतल्याला झाकतं आणि हेरॉन डव्हसारखी दिसते. फोटो कोणत्या कोनातून घेतला ते आधी ठरवा, मग इंजिनं मोजा.

६. तीन शेपट्यांचं विमान आहे. कॉन्स्टेलेशन का?

चार इंजिनं, माशासारखं वळणदार धड, उंच सडपातळ पाय आणि तीन उभ्या शेपट्या असतील तर हो. पण तीन शेपट्या एवढ्या एकाच खुणेवर विसंबू नका. एव्ह्रो यॉर्कलाही तीन आहेत, पण तिचा पंख धडाच्या वरून निघतो आणि धड खोक्यासारखं चौकोनी असतं. कराचीहून आलेल्या १९३०च्या दशकातल्या फोटोंत इंपीरियल एअरवेजचं हँडली पेज एचपी ४२ दिसतं. त्यालाही तीन शेपट्या. मात्र ते दोन मजली पंखांचं, दांड्या आणि तारांनी भरलेलं अवाढव्य विमान आहे.

कॉन्स्टेलेशन ठरल्यावर पुढचा प्रश्न कोणती हा. जुनी ७४९ आखूड, खिडक्या गोल. १०४९, म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन, साधारण साडेपाच मीटरने लांब, खिडक्या चौकोनी. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं मुंबई-लंडन उड्डाण सुरू झालं ते ‘मलबार प्रिन्सेस’ या ७४९ ने.

गोव्यात मात्र बहुतेक फोटो सुपर कॉन्स्टेलेशनचेच निघतात, आणि तेही दोन अगदी वेगळ्या काळांतले. पोर्तुगालच्या टॅप कंपनीची सुपर कॉन्स्टेलेशन १९६१ पर्यंत दाबोळीला येत असे. दुसरी नौदलाची. एअर इंडियाची ही विमानं आधी हवाई दलाकडे गेली आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आली. त्यांतलं एक, एकेकाळचं ‘रानी ऑफ एलोरा’, आज दाबोळीजवळ बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. म्हणून ‘मी लहानपणी दाबोळीला असलंच विमान पाहिलं’ असं कुणी सांगितलं तर त्यांचं लहानपण कोणत्या सालातलं ते विचारा. १९५९ आणि १९७९, दोन्ही उत्तरं खरी असू शकतात.

७. दोन मजली पंखांचं लहान विमान आहे. सगळे टायगर मॉथ म्हणतात. खरं का?

टायगर मॉथचे पंख मागे झुकलेले असतात. कारण असं की, पुढच्या खोबणीत बसलेल्या माणसाला पॅराशूटसह उडी मारता यावी म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला, आणि तोल साधायला बाहेरचे पंख मागे वळवले. त्याआधीच्या जिप्सी मॉथचे पंख सरळ असतात.

दुसरी खूण नाकावर. जिप्सी मॉथचं इंजिन सरळ बसवलेलं, त्याची डोकी वर दिसतात. टायगर मॉथचं इंजिन उलटं टांगलेलं, म्हणून नाकाची वरची बाजू गुळगुळीत आणि पंख्याचा मध्य वर सरकलेला.

दोन इंजिनांचं दुपंखी असेल, पंख टोकाकडे निमुळते होत गेले असतील आणि चाकांवर पायजम्यासारखं आवरण असेल तर ते ड्रॅगन रॅपिड. हे विमान गोव्यातल्या घरांत पुष्कळदा आफ्रिकेतून येतं. त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये.

८. विमानावर अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ काय?

नागरी विमानावरची पहिली एक-दोन अक्षरं देश सांगतात, आडरेघेनंतरची त्या एका विमानाची ओळख असतात. व्हीटी भारत. एपी पाकिस्तान. सीएस पोर्तुगाल. सीआर पोर्तुगालच्या वसाहती, आणि इथे तिसरं अक्षर महत्त्वाचं: सीआर-आय म्हणजे पोर्तुगीज इंडिया, सीआर-ए मोझांबिक, सीआर-एल अंगोला. व्हीपी-के केनिया. जी ब्रिटन.

पूर्ण अक्षरं मिळाली की त्या एका विमानाचा जन्म, मालक आणि शेवट नोंदवहीत सापडू शकतो. उदाहरणार्थ व्हीटी-एडीएन. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं ते हेच पस मॉथ जातीचं लहान विमान (प्रश्न १०).

लष्करी विमानांची पद्धत निराळी. नौदलाच्या विमानांवर आयएन आणि आकडे. हवाई दलात कॅनबेराला आयएफ, हंटरला बीए, डकोटाला एचजे. आकडे नागरी अक्षरांपेक्षा लहान लिहिलेले असतात, म्हणून ते शेपटीच्या अलीकडे धडावर भिंग लावून शोधावे लागतात.

अर्धीच अक्षरं दिसत असतील तर उरलेली मनाने भरू नका. ‘सीआर-’ नंतर एक उभी रेघ दिसते आणि आपण लगेच आय वाचतो. ती एलची उभी रेघही असू शकते, आणि मग विमान गोव्याचं नसून अंगोलाचं ठरतं. अक्षराचा तळ दिसतो का ते पाहा.

९. फोटो दाबोळीचाच असेल ना? आमचे आजोबा गोव्याचेच.

आजोबा गोव्याचे, पण पोटापाण्यासाठी कुठे कुठे गेलेले? कराची, नैरोबी, मोझांबिकमधलं बैरा आणि लॉरेन्सो मार्किस (आताचं मापुतो), मुंबई. गोव्यातल्या अल्बमचा नकाशा गोव्यापेक्षा फार मोठा असतो आणि मला तो नेहमी थक्क करतो. मडगावच्या एका कपाटात तीन इंजिनांचं, पन्हाळी पत्र्यासारख्या अंगाचं विमान निघालं. ते युंकर्स ५२. मोझांबिकच्या डेटा या कंपनीकडे ते होतं. तिच्याकडे ड्रॅगन रॅपिडही होती आणि दोन उभ्या शेपट्यांची लॉकहीड लोडस्टारसुद्धा. ईस्ट आफ्रिकन एअरवेज १९४६ मध्ये ड्रॅगन रॅपिडवरच सुरू झाली.

जमीन पाहा. दाबोळी हे जांभ्या दगडाचं पठार आहे. कृष्णधवल फोटोतही कडेची खडबडीत काळपट जमीन आणि खुरटी झुडपं ओळखू येतात. मागे सपाट वाळवंट आणि लांबवर एकही झाड नाही अशी पार्श्वभूमी असेल तर मी आधी कराचीचा विचार करतो. माणसांचे कपडेही बोलतात. गोव्यात मे महिन्यात कुणी लोकरी ओव्हरकोट घालून उभं राहत नाही.

१०. १९५५ च्या आधीचा, गोव्यातच काढलेला विमानाचा फोटो असू शकतो का?

असू शकतो, पण थोडा. १९३० मध्ये मोरेरा कार्दोझ आणि सार्मेंतू पिमेंतेल हे दोन पोर्तुगीज वैमानिक ‘मारांव’ नावाच्या पस मॉथमधून पोर्तुगालहून गोव्याला आले. अशा विमानाभोवती माणसांचा गराडा असतो आणि विमान कमी, टोप्या व पागोटी जास्त दिसतात. पस मॉथ ओळखायची ती अशी: एकच पंख, तोही डोक्यावर, बंद खोली, एक इंजिन. तिच्यासारखंच दिसतं लेपर्ड मॉथ, पण लेपर्डचे पंख टोकाकडे निमुळते होतात, पसचे सारख्याच रुंदीचे राहतात.

चार इंजिनांचं प्रवासी विमान पक्क्या धावपट्टीवर उभं आहे आणि खाली १९५० लिहिलं आहे, असा फोटो असेल तर साल तरी चुकलं आहे किंवा जागा तरी.

११. आमच्या घरी म्हणतात, हा १९६१ च्या हल्ल्यातल्या विमानाचा फोटो आहे. कसं पडताळू?

हा प्रश्न मी नेहमी जपून हाताळतो. या फोटोंमागे लोकांचं भय आणि अभिमान दोन्ही असतात.

१८ डिसेंबर १९६१ रोजी दाबोळीच्या धावपट्टीवर भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले. पहिल्या फेरीत १२ विमानं होती, नंतर आणखी ८ आली. बांबोळीचं बिनतारी केंद्र हंटर विमानांनी उडवलं. कॅनबेरा म्हणजे रुंद सरळ पंख आणि प्रत्येक पंखात एक जेट इंजिन. हंटर म्हणजे मागे झुकलेले पंख आणि पंखाच्या मुळाशी हवा घेणारी तोंडं. तुमच्या फोटोत यांपैकी काहीच नसेल, उलट पंख्याचं विमान जमिनीवर शांत उभं असेल, तर तो फोटो हल्ल्याचा नाही.

जमिनीवरच्या विमानांबाबत एक गोष्ट पक्की आहे. त्या दिवशी दाबोळीला दोन नागरी विमानं होती, टॅपची सुपर कॉन्स्टेलेशन आणि टीएआयपीची डीसी-४. खड्डे पडलेल्या धावपट्टीचा उरलेला भाग वापरून दोन्ही त्या रात्री कराचीला निघून गेली. म्हणून १९ डिसेंबरनंतर भारतीय सैनिकांसोबत उभ्या असलेल्या कॉन्स्टेलेशनचा फोटो ‘त्याच दिवसांतला’ म्हणून आला तर मी आधी आयएनचे आकडे शोधतो. ते सापडले की काळ १९७६ किंवा त्यानंतरचा.

घरातली गोष्ट मात्र टाकून देऊ नका. ती वेगळ्या कागदावर, सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरवून ठेवा. फोटो वेगळा निघाला तरी त्या आजीने सकाळी ऐकलेला आवाज खराच असतो.

१२. सी हॉक की हंटर? दोन्ही सारखीच दिसतात.

दोन्ही हॉकर कंपनीची जेट विमानं, सी हॉक नौदलाचं आणि हंटर हवाई दलाचं. दोन्हींत हवा पंखाच्या मुळातून आत जाते. पण सी हॉकचे पंख सरळ, हंटरचे झुकलेले. शिवाय सी हॉकचा धूर शेपटीच्या टोकातून निघत नाही, तर पंखाच्या मागे धडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. तिथे दोन भोकं दिसली की प्रश्न संपला.

१३. बोगमाळोच्या संग्रहालयातल्या विमानांशी ताडून पाहता येईल का?

जरूर पाहा. दाबोळीजवळचं नौदल विमान संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं, आणि गोवेकरांना घराजवळ मिळालेली ही मोठी सोय आहे. सी हॉक, आलिझे, फायरफ्लाय, व्हँपायर, एचटी-२, सी हॅरियर आणि सुपर कॉन्स्टेलेशन तिथे प्रत्यक्ष पाहता येतात. आलिझेच्या पंखातले चाकं ठेवायचे फुगवटे, व्हँपायरच्या शेपटीचे दोन दांडे हे पुस्तकापेक्षा भोवती फिरून चटकन कळतं.

माझं सर्वांत आवडतं म्हणजे शॉर्ट सीलँड. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं, होडीच्या पोटाचं. १९५३ मध्ये कोचीला आलेलं सीलँड हे नौदलाचं पहिलं विमान, एकूण १० घेतली होती. होडीसारखा तळ, वर पंख, पंखावर दोन इंजिनं आणि टोकांखाली तरंगायला दोन लहान फुगे असं काही तुमच्या फोटोत दिसलं तर लगेच कळवा. असे फोटो क्वचितच निघतात.

फक्त रंगावर जाऊ नका. संग्रहालयातली विमानं उन्हापावसात उभी असतात आणि पुन्हा पुन्हा रंगवली जातात. आकार ताडा.

१४. पंखावर गोल आहेत, पण कृष्णधवल फोटोत देश कसा कळणार?

पोर्तुगालच्या लष्करी विमानावर पांढऱ्या गोलात क्रूस असतो, तो चुकत नाही. ब्रिटिश गोलात आत लाल, मध्ये पांढरा, बाहेर निळा. भारतीय गोलात आत हिरवा, मध्ये पांढरा, बाहेर केशरी. कृष्णधवल फोटोत हे दोन सारखेच भासतात.

त्यात जुनी फिल्म आणखी फसवते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही. म्हणून लाल काळा येतो आणि निळा फिकट, जवळजवळ पांढरा. आभाळ कोरं पांढरं आणि बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळं कुळकुळीत असेल तर फिल्म त्या जातीची असण्याची शक्यता धरा, आणि मग गोल वाचा.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या बाजूच्या विमानांवरच्या गोलांतून लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल सूर्य असे. नुसता गडद आणि फिकट निळा गोल दिसला तर काळ तोच.

१५. अक्षरं उलटी दिसतात. काय करायचं?

निगेटिव्ह पालथी ठेवून छापली गेली. संगणकावर फोटो आडवा पलटवा. अक्षरं दिसत नसतील तर पुरुषांच्या शर्टाची बटणं, खिसा आणि घड्याळाचा हात पाहून पलटलेला फोटो ओळखता येतो.

१६. विमान कळलं. आता फोटोचं साल कसं काढू?

अंगावरचं नाव वाचा. टाटा एअरलाइन्सचं नाव १९४६ मध्ये एअर इंडिया झालं. ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ हे १९४८ ते १९६२. आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स १ ऑगस्ट १९५३ ला सुरू झाली, म्हणून डेक्कन एअरवेज किंवा भारत एअरवेज असं नाव दिसलं तर फोटो बहुधा त्याआधीचा. टीएआयपी असेल तर १९५५ ते १९६१. या दोन टोकांच्या मध्ये माणसांवरून साल आणखी जवळ आणता येतं. कडेवरचं मूल कोण आणि त्याचा जन्म कधीचा, हे घरातली बाई दोन मिनिटांत सांगते.

१७. मोबाइलवर फोटो टाकला की एआय लगेच नाव सांगतो. मग एवढी उठाठेव कशाला?

नावाची पहिली दिशा म्हणून वापरा. पण फोटो ‘स्वच्छ’ किंवा रंगीत करून देणारी साधनं ओळखीसाठी वापरू नका. ती पुसट जागी नवीन रेघा काढतात. एका फोटोत मूळ स्कॅनवर फक्त डाग होता, सुधारलेल्या प्रतीत तिथे ठसठशीत सीएस उमटलं होतं. पाठवताना नेहमी मूळ स्कॅन पाठवा.

१८. फक्त शेपूट किंवा पंखाचा तुकडाच दिसतो. तरी सांगता येईल?

काही वेळा. कापडाचं आवरण असेल तर आतल्या पट्ट्यांचे उंचवटे दिसतात, पत्रा असेल तर रिबिटांच्या ओळी. उभ्या शेपटीचा माथा, खिडकीचा कोपरा, पंखा बसतो त्या टोकाचा आकार यांवरून पुष्कळ विमानं बाद होतात. चार बाद झाली तरी काम झालं असं मी मानतो.

एक प्रसंग सांगतो. पेडण्याहून आलेल्या फोटोत दोन मुलं विमानात बसलेली, हात बाहेर. तासभर पाहूनही पंख कुठल्याच विमानाशी जुळेना. शेवटी खाली पाहिलं तर चाकांची सावली नव्हती आणि पंखाच्या कडेला लाकडाचे रेषे होते. जत्रेतल्या फोटोवाल्याचं फळीचं विमान. त्या दोन मुलांपैकी एक आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना मी ते कळवलं तेव्हा त्यांना फोटोवाल्याचा काळा कपडा आठवला.

१९. गोव्यात आणखी कुठे शोधता येईल?

पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी पोर्तुगीज आणि मराठी वृत्तपत्रं आहेत. पुराभिलेख खात्याकडे सरकारी कागद. पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे. जाताना प्रश्न १ मधला कागद आणि सालांची दोन टोकं सोबत न्या. ‘विमानाबद्दल काही’ असं मागितलं तर कुणालाच मदत करता येत नाही.

२०. फोटोवर बुरशी आली आहे. पुसू का?

ओल्या फडक्याने अजिबात नको, चित्राचा थरच निघून येतो. आधी स्कॅन करा. मग कोरड्या दिवशी सावलीत वारा द्या आणि कागदी पाकिटात, सिलिका जेलसह, हवाबंद डब्यात ठेवा. हे मिरगाच्या आधी करा. पावसाळ्यात उघडलेली ट्रंक ओल घेऊनच बंद होते.

२१. दोन जाणकारांनी दोन नावं सांगितली. फोटोखाली काय लिहू?

दोघांना कारण विचारा. एकाने खूण दाखवली आणि दुसऱ्याने फक्त अनुभव सांगितला, तर खूण दाखवणाऱ्याकडे झुका. दोघांकडेही खुणा असतील तर दोन्ही नावं लिहा. विमानाची जात ठरते आणि ते एक विशिष्ट विमान ठरत नाही, असं बरेचदा होतं, आणि तिथे थांबायला हरकत नाही.

प्रश्न ४ मधल्या डिचोलीच्या फोटोमागे आता पेन्सिलीने असं लिहिलेलं आहे: ‘विमान व्हिकर्स व्हायकिंग, नक्की (चार पाती, पंख धडाच्या मधून). कंपनी बहुधा टीएआयपी, अक्षरं फोटोत नाहीत. जागा बहुधा दाबोळी. काळ १९५५ ते १९६१. आजींच्या हातात नेवऱ्यांचा डबा, असं धाकट्या लेकीने सांगितलं.’